पोथी कुठवर आली?

साताऱ्याजवळून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नये अशी विनंती आहे. पत्र बरंच मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा :

"आमच्या कॉलनीतल्या नऊजणी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता कुणाच्या तरी घरी जमतो. भिशीसारखंच, फक्त पैशांच्या जागी पुस्तकं. प्रत्येकीने सध्या काय वाचतेय, काय आवडतंय ते पाच-सात मिनिटं सांगायचं आणि मग चहा. सुरुवातीचे दोन-तीन महिने फार मजेत गेले. नंतर हळूहळू जी ती मोठमोठी नावं घ्यायला लागली. आमच्यात एक निवृत्त प्राध्यापक वहिनी आहेत, त्यांचं वाचन दांडगं. त्यांच्यानंतर माझी पाळी आली की तोंडाला कोरड पडते. मागच्या महिन्यात मी एका गाजलेल्या सहाशे पानी कादंबरीचं नाव ठोकून दिलं. खरं तर ३२ पानांच्या पुढे मी गेलेच नव्हते. मलपृष्ठावरचा मजकूर वाचून गेले होते, त्यावर चार वाक्यं बोलले. सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, 'तुझं झालं की मला दे, मग आपण दोघी निवांत बोलू त्यावर.' आता त्या फाटकापाशी दिसल्या की मी मागच्या बोळाने जाते.

खरं म्हणजे मी सध्या सासऱ्यांच्या ट्रंकेतल्या बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचतेय. सासरे एसटीत कंडक्टर होते. जाऊन सहा वर्षं झाली. पुस्तकांत खुणेसाठी जुनी तिकिटं आहेत, पंच मारलेली. पहिल्या पानावर पेन्सिलीने तारीख, आणि काहींवर 'दुसऱ्यांदा' असं लिहिलेलं. एका पुस्तकाचं शेवटचं पानच नाही. तीन रात्री झाल्या, खुनी कोण हेच डोक्यात घोळतंय. कितीतरी वर्षांनी मी रात्री एक-एक वाजेपर्यंत वाचत बसते. पण हे त्या बैठकीत कोणत्या तोंडाने सांगू? जाणंच बंद करावं असं वाटतंय. आणि हो, तुम्ही सध्या काय वाचताय?

तुमच्या लेकीसारखी"

लेकीसारखी म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्या सहाशे पानी कादंबरीत काय आहे, तुला त्यातलं काय दिसलं, याबद्दल पत्रात एक ओळ नाही. ट्रंकेबद्दल मात्र पाठपोट दोन कागद भरलेत. इथे मी त्यातलं थोडंच छापलं. डांबरगोळ्यांचा वास, ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेलं जुनं कॅलेंडर, मुक्कामी गाडीवर ड्यूटी असली की सासरे गाडीतच बॅटरीच्या उजेडात वाचत बसायचे ही सासूबाईंनी सांगितलेली आठवण, आणि ती आठवण सांगताना सासूबाई पहिल्यांदाच तुझ्याशी त्यांच्याबद्दल इतकं बोलल्या, हेही. बैठकीत काय सांगू म्हणून विचारतेस, पण ते तू मला सांगून मोकळी झाली आहेस. सात मिनिटांचं बोलणं तुझ्याकडे तयार आहे. त्यात एक शब्दही नवा घालायला नको.

माझ्या लहानपणी आमच्या गावात चातुर्मासात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. बहुतेक वर्षी श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप. एकाने ओव्या वाचायच्या, दुसऱ्याने अर्थ सांगायचा. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण तिने एक रात्र चुकवली नाही. सकाळी विहिरीवर एखादी न आलेली बाई विचारायची, "काल पोथी कुठवर आली गं?" आणि आजी सांगायची, "अभिमन्यू आत शिरला." बस्स, एवढंच. मग घरी येऊन भाकरीचं पीठ मळता मळता तिचा हात थांबायचा आणि ती म्हणायची, "सुभद्रेला तेवढी झोप लागली नसती तर पोर वाचलं असतं." परातीतलं पीठ तसंच राहायचं. आम्ही पोरं तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. त्या विहिरीवरच्या प्रत्येक बाईला अभिमन्यूचं पुढे काय होणार ते पाठ होतं. तरी त्या विचारायच्या. कथेची माहिती त्यांना नको होती. काल रात्री ती ऐकताना आजीच्या जिवाचं काय झालं, ते त्यांना हवं होतं.

मला वाटतं, तुमच्या बैठकीत प्रश्न बदललाय, तिथेच सगळं बिघडलं. "काय वाचतेयस" विचारलं की माणूस नाव सांगतो. नाव सांगताना मनात आपोआप हिशेब सुरू होतो : हे नाव जड आहे की हलकं, माझ्याबद्दल लोक काय म्हणतील. "कुठवर आलीस" असं विचारलं तर नाव मागे पडतं. मग पान सांगावं लागतं, माणूस सांगावा लागतो, आपण कुठे अडखळलो ते सांगावं लागतं. ते खोटं सांगता येत नाही, आणि खरं असेल तर सांगावंसं वाटतंच.

मी २९ वर्षं एका तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. 'ब' वर्गाचं वाचनालय, दोन खोल्या आणि एक लांब बाक. पुस्तक परत करायला आलेल्या प्रत्येकाला मी विचारायची, "कसं होतं?" दहातले नऊ जण म्हणायचे, "छान." त्या 'छान'ने मागच्या माणसाने पुस्तक उचललंय असं मी कधी पाहिलं नाही. पण एकदा दूध संकलन केंद्रावर काम करणारे एक गृहस्थ व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' परत करायला आले. पुस्तक काउंटरवर ठेवलं, पण त्यावरचा हात काही काढेनात. म्हणाले, "शेवटी दुष्काळात सगळी वाडी उठून जाते ना, तिथे मी पुस्तक मिटलं. ७२ ला आमचं घर असंच उठलं होतं. मी सात वर्षांचा असेन. आईने चुलीत पाणी ओतलं, बाहेर आली आणि दाराची कडी लावली. तो कडीचा आवाज मला त्या पानावर आला, बाई." मागे दोन बायका आणि कॉलेजातला एक मुलगा उभा होता. मी पुस्तक कपाटात ठेवायला उचललंच नाही. तिथल्या तिथे त्या मुलाने ते आपल्या नावावर लावून घेतलं.

त्या पुस्तकाच्या मागे चिकटवलेला तारखांचा कागद मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. आधीच्या चार वर्षांत दोनच शिक्के. त्यानंतर एकाखाली एक, एकाखाली एक, इतके की मला नवा कागद चिकटवावा लागला. 'बनगरवाडी' १९५५ची. तिच्यावर विद्वानांनी लिहिलेलं सगळं आमच्या कपाटात होतं, तेही चांगलंच आहे. पण आमच्या गावात ती फिरली ती त्या कडीच्या आवाजावर.

आता तुझ्या अर्नाळकरांबद्दल. पत्रात एके ठिकाणी तू "आपलं असंच काहीतरी" असं लिहिलंयस. ते मला आवडलं नाही, म्हणून स्पष्ट सांगते. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही नावं नुसती उच्चारली तरी साठी-सत्तरीतली माणसं ताठ बसतात. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांची जी पुस्तकं आमच्याकडे होती, ती वर्षातून दोनदा बाइंडिंगला द्यावी लागायची. हमाल, शिंपी, ड्रायव्हर, सातवीतून शाळा सुटलेल्या बायका, अशी ज्यांना कुणी 'वाचक' म्हटलं नाही ती माणसं वाचायला लागली ती या पुस्तकांनी. त्यातली कितीतरी पुढे दुसऱ्या कपाटांपर्यंत गेली. काही नाही गेली, आणि त्यातही काही कमी नव्हतं. एखादा खोडकर वाचक पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. रोज संध्याकाळी वाचनालय बंद करण्याआधी मी परत आलेल्या रहस्यकथांची पहिली पानं उघडून खोडरबराने ती नावं पुसायची. पुढच्या माणसाचा आनंद जाऊ नये म्हणून. ते काम मी मनापासून केलं.

म्हणून बैठकीत सुरुवातीलाच "मी आपलं हलकंफुलकं" असं म्हणू नकोस. त्या एका वाक्याने समोरच्यांचं ऐकणं अर्धं होतं, आणि ट्रंकेत ज्यांनी 'दुसऱ्यांदा' असं जपून लिहून ठेवलं त्या माणसाचाही मान राहत नाही. शेवटचं पान नसलेलं तेच पुस्तक घेऊन जा. नाव सांग, सासरे कोण होते ते सांग, तिकीट दाखव. मग कुणाचा खून झाला, घरात त्या वेळी कोण कोण होतं, कुणाचा कुणावर राग होता, एवढी गोष्ट सांग आणि थांब. "शेवटचं पान नाही. तुम्हीच सांगा, खुनी कोण?" माझी खात्री आहे, तुमचा चहा त्या दिवशी गार होणार. आठ बायका आठ खुनी शोधतील. आणि प्राध्यापक वहिनींकडूनच एखादा असा मुद्दा येईल की तू चकित होशील, कारण बारकाईने वाचायची सवय त्यांना आहे.

त्या वहिनींबद्दल तुझ्या पत्रात थोडा राग आहे. तो मनात ठेवू नकोस. जड पुस्तकं वाचणारी प्रत्येक बाई दुसरीला दाखवण्यासाठीच वाचते असं नाही. आयुष्यभर वर्गात बोललेल्या माणसाला निवृत्तीनंतर ऐकणारं कुणी उरत नाही. महिन्यातून एक रविवार त्यांना मिळतो आणि त्या सगळं एकदम सांगतात. त्यांना पुढच्या वेळी एवढंच विचार, "वहिनी, त्यातलं एक पान वाचून दाखवता का?" त्यांनी वाचलेलं तुला कळेल की नाही याची काळजी करू नकोस. आवडलेलं पान माणूस वेगळ्याच आवाजात वाचतो, आणि तो आवाज ऐकला की तुझी भीती निम्म्याने कमी होईल.

काकूंचं मात्र रविवारच्या आधी मिटव. फोनवर नको, समोर जाऊन. ती सहाशे पानी कादंबरी हातात घे आणि त्यांच्या दारात उभी राहा. सांग, "काकू, मी ३२ पानांवरच अडकलेय. त्या दिवशी वाचल्यासारखं बोलले, ते चुकलं माझं. तुम्ही घ्या आणि पुढे काय आहे ते मला सांगा." याहून जास्त काही बोलायची गरज नाही, कारणं तर मुळीच नकोत. काकूंना वाईट वाटेल का? क्षणभर वाटेल कदाचित. पण त्यांनी तुझ्याकडे पुस्तकाहून जास्त काहीतरी मागितलं होतं : "आपण दोघी निवांत बोलू." तुझ्याशी बोलायची त्यांना इच्छा आहे. ती बाई फाटकापाशी उभी आहे आणि तू बोळाने जातेस, याचं मला खोट्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

बैठकीत सगळ्यांसमोर कबुली द्यायची का, हे तू ठरव. मी तुझ्या जागी असते तर एका वाक्यात सांगून टाकलं असतं, कारण ते ऐकून आणखी कुणीतरी मोकळी झाली असती. नऊजणींत अर्धवट सोडलेलं पुस्तक लपवणारी तू एकटी असशील हे मला पटत नाही. पुस्तक सोडणं हे बोलण्यासारखंच असतं. कुठे सोडलं, का सोडलं, कंटाळा आला की भीती वाटली, की घरात तेव्हा कुणी आजारी होतं आणि अक्षरं डोक्यात शिरत नव्हती. एक बाई मला म्हणाली होती, "त्यातली आई माझ्या आईसारखी बोलायला लागली, म्हणून मी मिटलं." त्या पुस्तकाबद्दल याहून खरं मी काही ऐकलं नाही.

आणि जड पुस्तकांना इतकं बिचकू नकोस गं. भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'चं नाव ऐकून दबकणारे कितीतरी वाचक मी पाहिलेत. १९६३ साली आलेली ती कादंबरी शंभरातल्या नव्व्याण्णवांना अर्पण केलेली आहे. म्हणजे तुला आणि मलाच. ज्या दिवशी तुझी ती ३२ पानं पुन्हा उघडावीशी वाटतील, त्या दिवशी ३३वं पान तिथेच असेल. नाही वाटलं तरी काही बिघडत नाही.

बैठक चालू ठेवा एवढं मात्र कळकळीने सांगते. तुम्ही नऊजणी जे करताय ते सोपं नाही. ज्या घरात कुकरच्या शिट्ट्या मोजत बाई दोन पानं वाचते, त्या घरातून दुपारी चारला पुस्तकासाठी बाहेर पडणं ही मोठी गोष्ट आहे. जमलं तर एक-दोन बदल करून बघा. प्रत्येकीने आपल्या पुस्तकातला अर्धं पान मजकूर मोठ्याने वाचायचा. ज्यांना मोतीबिंदूमुळे वाचवत नाही अशा कुणाच्या सासूबाई, आई असतील त्यांनाही बोलवा. तुझ्या सासूबाईंना तर नक्कीच. त्यांनी स्वतः एकही रहस्यकथा वाचली नसेल, पण मुक्कामी गाडीतला तो बॅटरीचा उजेड त्यांच्याइतका कुणाला माहीत आहे?

दिवाळीत मात्र कादंबऱ्या बाजूला ठेवा आणि नऊजणींनी नऊ वेगवेगळे दिवाळी अंक घेऊन फिरवा. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. तेव्हापासून आपल्याकडे फराळाबरोबर अंकही या घरातून त्या घरात जातातच. आणि एखाद्या रविवारी सगळ्याजणी भिलारला जाऊन या. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर आहे, तुम्हाला काही लांब नाही. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालंय. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या लोकांच्या राहत्या घरांत पुस्तकांची कपाटं आहेत, कुणाकडे कविता, कुणाकडे इतिहास, कुणाकडे मुलांची पुस्तकं. आत जायचं, पुस्तक काढायचं, ओसरीवर बसून वाचायचं. घरातली माणसं आपापली कामं करत असतात. अनोळखी घरात बसून तू काय उचलतेस ते बघायला तिथे कुणालाही वेळ नसतो. तुला ते बरं वाटेल.

ट्रंकेतल्या पुस्तकांचं एक. ती फार जुन्या कागदाची आहेत, पानं कडेने तुटायला लागली असतील. सेलोटेप लावू नकोस, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि कागदही खाते. प्रत्येक पुस्तक स्वच्छ जुन्या सुती कापडात गुंडाळ, ट्रंक ओलीपासून लांब ठेव. तिकिटं जिथे आहेत तिथेच राहू देत. ती कोणत्या पानावर आहेत ते मात्र वहीत लिहून ठेव. वाचता वाचता एखादं खाली पडलं तर ते पान सापडायला हवं.

शेवटी तू विचारलंस, मी काय वाचतेय. मी विश्राम बेडेकरांची 'रणांगण' वाचतेय. १९३९ची, अगदी बारीक कादंबरी आहे. विशी-बाविशीत एकदा वाचली होती. तेव्हा नुसतं प्रेम दिसलं होतं. जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यूंना घेऊन बोट युरोपातून पूर्वेकडे निघालीय. तिच्यावर चक्रधर हा आपला मराठी तरुण आहे आणि हॅर्टा ही ज्यू मुलगी. त्याला मुंबईला उतरायचंय. तिला पुढे जायचंय, कुठे ते तिच्याही हातात नाही. या वेळी मला सारखी बाकीची माणसं दिसतायत, डेकवरची, ज्यांना उतरायला कुठलंच बंदर आपलं नाही. परवा रात्री वाचताना मुंबई जवळ आल्याचं लक्षात आलं. मी खूण घातली आणि पुस्तक उशाशी ठेवलं. दोन रात्री झाल्या, अजून उघडलेलं नाही. बोट समुद्रातच आहे.